बेदींची ‘क्वारंटीन’: प्लेग, वैद्य आणि श्रेय

राजेंद्रसिंह बेदी (१९१५–१९८४) यांची ‘क्वारंटीन’ ही उर्दू कथा त्यांच्या ‘दाना-ओ-दाम’ या पहिल्या संग्रहातील आहे. महाविद्यालयीन वर्गात ती बहुधा ‘सेवाभावाची कथा’ म्हणून शिकविली जाते. प्रस्तुत लेखात या वाचनाचा फेरविचार करावयाचा आहे.

कथेचा निवेदक प्लेगच्या साथीत काम करणारा डॉक्टर आहे. लोकांना प्लेगपेक्षा क्वारंटीनची धास्ती अधिक, म्हणून ते आजार लपवितात. या चित्रणाला ऐतिहासिक आधार आहे. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत रुग्ण हलविण्याच्या सक्तीविरुद्ध दंगल उसळली, तिची सुरुवात मुस्लिम जुलाहा विणकरांच्या वस्तीतून झाली. त्या विरोधाला केवळ अज्ञान म्हणून चालणार नाही. आपला माणूस परत मिळणार नाही, ही भीती त्यामागे होती.

डॉक्टर कर्तव्य करतो, परंतु स्वतःला जपून. त्याच्यासमोर बेदी उभा करतात तो भागू, ख्रिस्ती झालेला एक सफाई कामगार. तो रुग्णांजवळ बसतो. प्रेतांच्या ढिगात जिवंत राहिलेल्या माणसाला आगीतून ओढून काढताना स्वतः भाजतो. त्याची पत्नी प्लेगने जाते, तरी तो पुन्हा कामावर हजर होतो. साथ ओसरल्यावर सत्कार आणि थैली मात्र डॉक्टरला मिळते. भागू त्याचे मनापासून अभिनंदन करतो आणि डॉक्टर खजील होतो.

कथेचे सामर्थ्य या शरमेत आहे, आणि तिची मर्यादाही तेथेच आहे. भागू जवळजवळ अद्भुतकथेतील वैद्य होतो. त्याला राग येत नाही, तो मजुरी मागत नाही. आपण त्याला डॉक्टरच्या नजरेतूनच पाहतो. डॉक्टरला पश्चात्ताप होतो, पण थैली कोणाकडे जावी हा प्रश्न पश्चात्तापाने सुटत नाही. भागूला संत ठरविले की त्याचे देणे बुडविणे सोपे जाते. वर्गात कथा ‘सेवाभाव’ या एका शब्दात संपविताना आपणही तेच करतो.

सुरतेच्या वाचकाला हा मुद्दा परका वाटू नये. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरताच लाखो लोक शहर सोडून गेले. अनेक खासगी डॉक्टरांनीही दवाखाने बंद केले. रोग प्लेगच होता काय, यावर पुढेही वाद झाला. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत शहराच्या स्वच्छतेचा देशभर गौरव झाला. तो योग्यच होता. परंतु गटारे उपसणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या किती कामगारांची नावे आपल्याला सांगता येतील?

बमरोली, पांडेसरा, उधना या यंत्रमागांच्या परिसरात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील विद्यार्थ्यांच्या घरी १९९४च्या आठवणी असू शकतात. त्यांना ‘भागूचा त्याग’ यावर निबंध देण्याऐवजी तीच कथा भागूच्या तोंडून लिहावयास सांगावी. बेदींनी जेथे थांबणे पसंत केले, तेथून पुढचा विचार तेव्हा सुरू होईल.