ट्रंपेट वाजवणारे दिसतात, शिकवणारे दिसत नाहीत

श्री. नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) हे इंग्रजी पुस्तक माझ्या हाती जरा उशिराच आले. मुंबईतील जाझ संगीताच्या बहराची ही हकीकत आहे. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. पुढे गोमंतकीय ख्रिस्ती वादकांनी ती शैली आत्मसात केली आणि तेच वादक हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत जाऊन बसले, हे लेखकाने रसाळपणे सांगितले आहे. पुस्तक मी दोन रात्रींत संपवले. तरी मिटताना मनात एक रुखरुख राहिली.

पुस्तकाचा एक नायक म्हणजे चिक चॉकलेट. मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६ चा, बार्देशातील हळदोण्याचा. आपल्याच गोदाकाठच्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांचा तो सहाय्यक. १९५१ च्या 'अलबेला'त तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो. मराठी संगीतकाराच्या मनातील चाल आणि गोमंतकीय वादकाचा ट्रंपेट यांची अशी गाठ पडली. मात्र गाठ पडण्यासाठी मधे एक कागद लागतो. चाल स्वरलिपीत उतरवावी लागते आणि समोरच्या पंधरावीस वादकांना ती वाचता यावी लागते. हे वाचन त्यांना कोणी शिकवले?

उत्तर गोव्याच्या चर्चशाळांत आहे. तेथे मेस्त्रे, म्हणजे चर्चचा गायनमास्तर, मुलांकडून आधी दो-रे-मी वाचून घेई आणि मग हाती व्हायोलिन देई. या स्वरनामांचे मूळही आपल्या उपासनेत आहे. अकराव्या शतकातील ग्विदो या इटालियन मठवासीयाने ती संत योहान बाप्तिस्ताच्या स्तोत्राच्या ओळींतून घेतली. फर्नांडिस या शाळांची दखल घेतात, परंतु त्यांचे मन रमते ते मंचावरील झगमगाटात. ग्रेगरी बूथ यांचे 'बिहाइंड द कर्टन' (२००८) त्या मानाने रूक्ष आहे, पण वादकांच्या स्वतःच्या बोलण्यावर उभे असल्याने त्यात शिकण्याशिकवण्याचा मागमूस अधिक लागतो. निवड करायची तर मी बूथ यांच्या बाजूने कौल देईन.

पं. रामप्रसाद शर्मा यांचेच पाहा. ते ट्रंपेटवादक होते. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे पुत्र. रामप्रसादजींनी मुंबईतील कितीतरी वादकांना स्वरलेखन वाचायला शिकवले. प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे धडे घेतले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यामुळे ते नाव देशाला पाठ झाले. ते एका शिष्याने आपल्या गुरूला केलेले वंदन होते, हे मात्र आपल्या लोकांतही फार थोड्यांना ठाऊक असते!

हे सारे नाशिकमध्ये बसून लिहिण्याला कारण आहे. आपल्याकडे ढोल कानाने शिकतात आणि उत्तम शिकतात. लग्नाच्या बँडमधील ट्रंपेटही बहुधा कानानेच शिकला जातो. या विद्येला मी कमी लेखत नाही. पण ट्रंपेट हे फसवे वाद्य आहे. त्याला तीनच कळा. मधली स्वर अर्ध्याने उतरवते, पहिली पूर्ण स्वराने, तिसरी दीड स्वराने. बाकीचे काम ओठांचे आणि श्वासाचे. शिवाय नेहमीच्या ट्रंपेटवर कागदावरचा 'सी' वाजवला की कानी पडतो तो 'बी फ्लॅट'.

एका धर्मग्रामात सणाच्या मिरवणुकीसाठी आम्ही हौसेने ट्रंपेट आणला. मुलगा गुणी होता, चाल अचूक वाजवी. पण गायनवृंद पेटीवर गाऊ लागला की दोघांत एका स्वराचे अंतर पडे. कोणालाच कारण कळेना. दोष मुलाला मिळाला आणि त्याने वाद्य ठेवून दिले. पेटीच्या सुरात यायचे तर त्याने एक स्वर वर वाजवायचा, एवढे सांगणारा कोणी नव्हता. सेमिनरीत स्वरलिपी शिकलेला मीही गप्प राहिलो, कारण परीक्षेनंतर मी ती विसरलो होतो. वास्तविक ज्याला सरगम येते त्याला हे पाच मिनिटांत उमगते. आपला 'सा' कोठेही धरता येतो, हे मराठी मूल भजनातून शिकलेलेच असते. आपली सरगम आणि पाश्चात्त्य स्वरलिपी यांच्यातील हा दुवा दोन्ही पुस्तकांनी अधिक उलगडायला हवा होता.

दहाव्या पायस यांच्या १९०३ च्या आदेशाने चर्चमध्ये बँडला मज्जाव केला, बाहेरच्या मिरवणुकीत मात्र बिशपांच्या परवानगीने मोकळीक ठेवली. व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये संगीतशिक्षणाला मोठे महत्त्व द्यावे असे सांगितले, सेमिनरींत आणि कॅथॉलिक शाळांतही. आपण ध्वनिवर्धक आणि कीबोर्ड घेतले, मास्तर नेमले नाहीत.

सध्या शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे सहाजण येतात. शिकवायला एक निवृत्त बँडमास्तर आहेत. सर्वांत लहान मुलीचे पुढचे दात नुकतेच पक्के आले आहेत. त्याआधी त्यांनी तिला ट्रंपेट तोंडाला लावू दिला नाही, फक्त टाळ्या वाजवत मात्रा मोजायला लावल्या. सर्वांत थोरले विद्यार्थी एकसष्ट वर्षांचे असून त्यांची कवळी आड येते, म्हणून ते तूर्त वाचनच शिकतात. परवा त्यांनी एक ओळ न अडखळता वाचली. फर्नांडिसांचे पुस्तक त्यांनीच माझ्याकडून वाचायला नेले आहे, ते अजून परत आलेले नाही.