भिंतीवर कुणाचं नाव?

केडगावावरून पुण्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर भीमा कोरेगाव लागतं. तिथला स्तंभ कंपनी सरकारनं उभारला, स्वतःच्या फौजेचं शौर्य मिरवायला. पण त्यावर ‘नाक’ शेवटाची महार नावं कोरली गेली, आणि १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं उभे राहिले तेव्हा साहेबाचा दगड आपला झाला. कलाकृती म्हणून त्याची ताकद मला एवढ्यातच दिसते. मेलेल्या माणसाचं नाव लिहिलंय.

आपली चित्रकार पोरं भिंती रंगवतात त्यात तलवार असते, निळा कोट असतो, उगवता सूर्य असतो. रंग झकास! पण सगळं कॅलेंडरातून उतरवलेलं. यात नगर जिल्हा कुठाय?

सोनई याच जिल्ह्यातली. १ जानेवारी २०१३ ला, आपण स्तंभाला सलामी देत होतो त्याच दिवशी, संडासाची टाकी साफ करायला म्हणून बोलावून मेहतर समाजाच्या तीन तरण्या पोरांना मारलं. खर्ड्यात २०१४ साली सतरा वर्षांच्या पोराचं प्रेत झाडाला लटकलेलं सापडलं. २०१७ ला आरोपी सुटले.

मेहतराचा झाडू आपल्या भिंतीवर का येत नाही? महारांचा पराक्रम तेवढा इतिहास आणि बाकीचे शेपटाला, हे मला मान्य नाही.

केडगावात ब्रश उचलणाऱ्या दोस्तांनो, आधी त्या घरांत जा. नावं लिहू का, विचारा. हो म्हणाले तर अक्षरं मोठी काढा, चालत्या एस्टीतून वाचता येतील एवढी. चित्राचं नंतर बघू.