‘सामना’ : परक्याने विचारलेला प्रश्न

बडोद्याच्या प्रतापनगरात रेल्वेच्या नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या काही मराठी ख्रिस्ती कुटुंबांसमवेत ‘सामना’ हा चित्रपट आम्ही नुकताच पुन्हा पाहिला. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेली व डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेली ही कृती १९७५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखविली गेली होती.

साखर कारखान्याच्या बळावर साऱ्या परिसरावर हुकमत गाजविणारा हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) एका निराधार, मद्यपी मास्तरांना (डॉ. श्रीराम लागू) आश्रय देतो. मास्तर एकेकाळचे गांधीवादी. आता भ्रमनिरास झालेले. मारुती कांबळे हे नाव त्यांच्या कानी पडते, आणि त्याचे काय झाले हा प्रश्न ते काही केल्या सोडीत नाहीत. गावातल्यांनी तो विचारणे केव्हाच सोडून दिलेले असते.

वाचकांस नाबोथाच्या द्राक्षमळ्याचे स्मरण होईल (१ राजे २१). तेथेही सत्ताधीश आहे, हत्या आहे, आज्ञेप्रमाणे वागणारे नगरचे वडीलजन आहेत. परंतु हे साम्य फार ताणू नये. एलीया अहाबाच्या पंक्तीला बसला नव्हता. मास्तर हिंदुरावाचे अन्न खातात, त्याचीच दारू पितात आणि त्याच्याच छपराखाली त्याला जाब विचारतात. चित्रपटाचे खरे सामर्थ्य आम्हांस येथे दिसते. निळू फुले यांनी हिंदुरावाला निव्वळ खलपुरुष होऊ दिलेले नाही. त्याचा पाहुणचार खरा वाटतो, आणि म्हणूनच तो अधिक धोक्याचा. ज्यांच्या मंदिराचे पत्रे गावच्या पुढाऱ्याने दिले असतील, त्या पाळकबंधूंना हे प्रसंग स्वस्थपणे पाहवणार नाहीत.

एक उणीव मात्र जाणवते. दोन थोर नटांच्या ह्या झुंजीत प्रेक्षक इतका गुंगतो की ज्याचा जीव गेला तो कांबळे मागे पडतो. हे आडनाव आपल्या मंडळ्यांच्या नोंदवह्यांत अनोळखी नाही. त्यामुळे आम्हांस ते विशेष खुपले. पुढे तर मास्तरांचा प्रश्न महाराष्ट्रात थट्टेने उच्चारला जाऊ लागला. प्रतापनगरातही तो ऐकताच प्रथम हशाच पिकला. मग एका वृद्ध बाईंनी विचारले, “आणि त्याच्या घरच्यांचं पुढे काय झालं हो?” त्यानंतरची चर्चा रात्री उशिरापर्यंत चालली, आणि तीत हिंदुरावाचे नाव क्वचितच निघाले.