गडांची कादंबरी आणि गोदीतली नौका

मराठी ऐतिहासिक कादंबरीने समुद्राकडे पाठ फिरवली, हे विधान नवे नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’पासून (१८७१) तिचा पायाच गडावर घातला गेला. पुढे हरिभाऊंच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या नावातही गड पुढे आहे. गो. नी. दांडेकरांची ‘दर्याभवानी’ अपवाद म्हणून दाखवता येते. तथापि माझा आक्षेप समुद्र न दिसल्याबद्दल नाही. मी शिरड शहापूरचा. आमच्याकडे मोठे पाणी म्हणजे सिद्धेश्वरचे धरण. ज्याने जे पाहिले नाही त्यावर त्याने लिहिले नाही, यात गुन्हा कोणता? माझा आक्षेप वेगळा आहे. कोणते आयुष्य सांगण्याजोगे आणि कोणते नाही, याविषयी आमच्या कादंबरीने जी समजूत करून घेतली आहे, ती मला तोकडी वाटते. ही समजूत तपासण्यासाठी मी एका लाकडी युद्धनौकेचे चरित्र पुढे ठेवतो.

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. बापू गोखल्यांचा त्वेष, बाजीरावाची धावपळ, ते निशाण, यांवर आमच्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंतु पुण्याचे पडणे आणि मुंबईचे घडणे या दोन गोष्टी एकाच कादंबरीत शेजारी आल्याचे माझ्या वाचनात नाही. असेच विजयदुर्गाचे. १७५६ च्या फेब्रुवारीत तुळाजी आंग्र्याचे आरमार जळाले, आणि ते पेशव्यांशी हातमिळवणी करून आलेल्या इंग्रजांनी जाळले, ही शोकांतिका लेखकाला खुणावते. पण त्याआधी वीस वर्षे, १७३६ मध्ये, लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस येऊन जहाजे बांधू लागला होता, आणि १७५० साली तेथे कोरडी गोदीही तयार झाली होती. आमच्या लेखकाची नजर जाळावर खिळते. गोदीतल्या वाकसाचा आवाज त्याच्या कानी पडत नाही.

‘त्रिंकोमाली’ बांधली ती लवजीचा नातू जमशेटजी बमनजी याच्या देखरेखीखाली. नेपोलियनशी झालेल्या युद्धांनी इंग्लंडची ओक झाडे सरत आली होती, म्हणून मलबारचे सागवान घेतले गेले. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातले तेल ते राखते. सागाची ही थोरवी मराठवाड्यात सांगायला नको. आमच्या माळवदाच्या घरांत भिंती खचल्या, माती झाली, तरी सागवानी खांब आणि तुळया जागच्या हलत नाहीत. या नौकेचे नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकन युद्धनौकेशी लढताना नष्ट झाले. नकाशे पुन्हा काढून पाठवावे लागले. अखेर एप्रिल १८१६ मध्ये तिचा कणा बसला.

आता तिची सेवा पाहा. ३८ तोफांच्या वर्गातली ही नौका १८१९ साली इंग्लंडला पोचली, आणि तिथे डोलकाठ्या उतरवून तिला १८४५ पर्यंत नुसती बांधून ठेवली! मग तोफा २६ वर आणून, डागडुजी करून, १८४७ ते १८५० उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या पाण्यात, १८५२ ते १८५७ पॅसिफिकमध्ये तिने गस्त घातली. नावाजलेली एकही लढाई तिच्या नावावर नाही. पुढे ती नाविकांची शाळा झाली. १८९७ मध्ये मोडीत विकली गेली. जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने तिला सोडवली आणि त्याच वर्षी वादळात गमावलेल्या आपल्या ‘फुद्रोयां’चे नाव तिला दिले. त्या नावाने ती १९८६ पर्यंत मुलांना दर्यावर्दी विद्या शिकवीत राहिली. १९८७ मध्ये तिला हार्टलपूलला नेले, १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले, २००१ मध्ये जीर्णोद्धार पुरा झाला. ती आजही तेथे पाण्यावर आहे.

या दीर्घ आयुष्यात प्रत्यक्ष लष्करी सफरीची वर्षे जेमतेम आठ. बाकी सारे थांबणे, दुरुस्ती, नवे नाव, नवे काम. आमच्या कादंबरीच्या मोजपट्टीने हे चरित्र नापासच व्हायचे, कारण त्यात नायक रणात पडत नाही. पण एवढ्यासाठी ते सांगण्याजोगे नाही काय? गावातली बैलगाडी पाहा. आज धाव बदलली, पुढल्या साली आरे, मग जू. तरी आजोबांची गाडी ती आजोबांचीच. असे टिकून राहणे हेही कर्तृत्वच आहे, आणि ते रंगवायला मरणाच्या प्रसंगापेक्षा अधिक बारीक लेखणी लागते.

येथे दुसऱ्या टोकाच्या लिखाणाविषयीही बोलले पाहिजे. ‘मुंबईची नौका अजून तरंगते’ म्हणून फुशारणारे गौरवलेख मला निम्मे खोटे वाटतात. मुंबईतच बांधलेल्या ‘वेलस्ली’च्या तोफांनी फेब्रुवारी १८३९ मध्ये कराची घेतली. मुंबईच्याच ‘कॉर्नवॉलिस’वर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला, आणि अफूच्या युद्धात हरलेल्या चीनने हाँगकाँग लिहून दिले. साग मलबारचा, कसब मुंबईचे, हुकूम मात्र लंडनचा. ज्या कारागिरीचा अभिमान वाटावा तिनेच परक्याचे साम्राज्य तोलून धरले, ही गोष्ट गौरवलेखाला पेलत नाही. कादंबरीला ती पेलली पाहिजे. किंबहुना असल्या न सुटणाऱ्या गाठींसाठीच कादंबरी असते.

मग यात नाट्य कोठून आणावे, असे कोणी विचारील. हर्मन मेलव्हिलने १८५० मध्ये ‘व्हाइट जॅकेट’ ही कादंबरी युद्धनौकेवरच लिहिली. तिच्यात समुद्रावरची लढाई होत नाही. खलाशांचे रोजचे जिणे, त्यांच्या पाठीवर उडणारे चाबूक, अधिकाऱ्यांचा तोरा, एवढ्यावर ती उभी आहे. मेलव्हिल स्वतः अमेरिकन आरमारात खलाशी होता, हे खरे. पण आमच्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तांडेल आणि वाडेसुतार होऊन गेले. त्यांच्या कामाची माहिती मिळवायला कादंबरीकाराने दोन पावसाळे किनाऱ्यावर काढले, तर काही बिघडणार नाही.

कणा बसवताना पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला गेला, याची नोंद आहे. इतिहास एवढे सांगतो. बाकीचे खिळे ज्यांनी ठोकले त्यांच्यापैकी एखाद्याच्या कानी त्या नोव्हेंबरात खडकीची वार्ता आली असेल. ती ऐकून त्याला काय वाटले असेल, हे सांगणे कादंबरीकाराचे काम आहे. खडकीवर यापुढे जो कोणी लिहील, त्याने निदान एक प्रकरण मुंबईच्या गोदीसाठी राखून ठेवावे.