कावसजीचं नाक आणि चित्रकाराची सही

जत तालुक्यातला अवघड पेशंट मिरजेची वाट धरतो. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथं दवाखाना काढला, पुढं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि मिरज डॉक्टरांचं गाव झालं. पण दवाखान्यांतले तक्ते बघा. गुडघा, मूत्रपिंड, गर्भाशय, बहुतेक सगळं औषध कंपन्यांकडून आलेलं, गोऱ्या कातडीचं आणि बिनसहीचं. शस्त्रक्रियेत नाव काढलेल्या या टापूत वैद्यकीय चित्रकार मात्र शोधावा लागतो.

आपल्याकडे वैद्यकीय चित्रकला कधी नव्हतीच, असं म्हणायची सोय नाही. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्यानं कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. चित्रकार जेम्स वेल्सनं कावसजीचं चित्र रंगवलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं त्यावरून केलेलं कोरीव चित्र छापलं. त्यात कावसजीचा चेहरा आहे आणि सोबत कातडी कापायच्या आकाराची आकृतीही. माणूस आणि कृती एकाच कागदावर! या कलेचं माप मी यावरूनच घेतो. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी नेत्ररुग्णांच्या नोंदींसोबत त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून घेतली. राजाचं नाव आपल्याला पाठ असतं, ती चित्रं काढणारा कोण हे कुणी विचारत नाही.

१९११ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चित्रकार माक्स ब्रोडेलनं या कलेचा स्वतंत्र विभाग उभारला. कार्बनची पूड ब्रशनं चढवून तो जिवंत पेशीजालाची ओली चमक आणायचा. आपल्या मुंबईत जेजे रुग्णालय आणि १८५७ चं जेजे स्कूल ऑफ आर्ट एकाच दात्याचं नाव लावतात. तरी चित्रकाराचं शरीरशास्त्र हाडं-स्नायूंपाशी थांबतं आणि डॉक्टरची चित्रकला शिकतानाच्या सुरुवातीच्या प्रात्यक्षिक जर्नलमध्येच आटोपते: गुलाबी-जांभळ्या पेन्सिलीनं पेशींची केंद्रकं जांभळी, बाकी गुलाबी, सरांची सही, संपलं.

फोटो आल्यावर चित्र कशाला, हा प्रश्न डॉक्टरच विचारतात. फोटोत रक्त, चिमटे, हातमोजे सगळंच येतं. काय गाळायचं हे चित्रकार ठरवतो, आणि ती नजर रेखाटनवही भरूनच येते. अलीकडची बरीच संगणकी चित्रं इथंच फसतात. त्यांतलं यकृत नुकतं पॉलिश केल्यासारखं दिसतं. दुसरीकडं कलादालनवाले ‘उपयोजित’ म्हणून नाक मुरडतात. त्यामुळं दोन्ही करू पाहणारा पोटासाठी एक आणि प्रदर्शनासाठी दुसरं असं दुहेरी आयुष्य काढतो.

२०२१ मध्ये नायजेरियाचा वैद्यकीय चित्रकार चिडिएबेरे इबे यानं काळ्या आईच्या पोटातल्या काळ्या बाळाचं चित्र काढलं, तेव्हा जग चपापलं. आपण का चपापू नये? जतच्या उन्हात राबणाऱ्याच्या सावळ्या अंगावर त्वचेचा दाह पुस्तकातल्यासारखा गुलाबी दिसत नाही. तो जांभळट, कधी नुसता तपकिरी दिसतो. तो रंग जुळवायला जलरंगात मुरलेला हात हवा. त्याला मानधन द्या आणि तक्त्याच्या कोपऱ्यात सहीपुरती जागा सोडा.