प्राणिसंग्रहालयाची सहल आणि ‘नये’ची यादी

प्राणिसंग्रहालयाच्या सहलीआधी शाळांमधून वाटल्या जाणाऱ्या सूचनापत्रकाचा मजकूर बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. ‘पिंजऱ्याजवळ जाऊ नये. प्राण्यांना खायला घालू नये. गोंगाट करू नये. पळू नये.’ सूचना चुकीच्या नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात १९९१ साली आलेले ३८-जे हे कलमही प्राण्यांना डिवचायला, खायला घालायला आणि आवाजाने त्रास द्यायला मनाई करते. पण विज्ञानाच्या शिक्षकाला या पत्रकातली एक उणीव खटकायला हवी. त्यात कारण कुठेच नाही. आणि कारण ठाऊक नसलेला नियम बाईंची पाठ वळेपर्यंतच टिकतो.

‘पळू नये’ हेच घ्या. कोणाला तरी धडकू म्हणून, असे मुलांना वाटते. मांजरकुळातल्या प्राण्याचे लक्ष मात्र लहान, पळणाऱ्या, पाठमोऱ्या आकाराकडे चटकन वेधले जाते. काचेपलीकडचा वाघ पाठमोऱ्या मुलाच्या दिशेने दबकत येतो, तो त्यामुळेच.

पिंजऱ्यापुढे काही अंतरावर आणखी एक कठडा असतो. मुलांना तो उगाच बांधल्यासारखा वाटतो. मोठ्यांनाही वाटत असावा, नाहीतर फोटोसाठी त्यांनी मुलांना त्यावर बसवले नसते! मुलाचा लांबवलेला हात आणि गजांतून बाहेर आलेला पंजा यांची गाठ पडू नये, एवढ्यासाठी मधली जागा सोडलेली असते. सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात खडूने पिंजऱ्याची रेघ आखावी, तिच्यापासून थोडे दूर एक बाक कठडा म्हणून ठेवावा. मुलांनी सरळ उभे राहून हात कुठवर पोचतो ते मोजावे, मग बाकावर चढून आणि वाकून पुन्हा मोजावे. दोन मापांतला फरक फळ्यावर लिहिला, की ‘जवळ जाऊ नये’ या सूचनेला अर्थ येतो.

मात्र कठड्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. मे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी येथे तीन वर्षांचा मुलगा कठडा ओलांडून गोरिलाच्या खंदकात पडला. मूल वाचले, पण हरांबे या गोरिलाला गोळी घालावी लागली. नंतर तिथला कठडा उंच केला गेला. २०१४ साली दिल्लीत पांढऱ्या वाघाच्या खंदकात एक तरुण पडला आणि प्राण गमावून बसला. वाघाला हटवण्यासाठी बघ्यांनी दगड मारल्याचे तेव्हाच्या वृत्तांतांत आहे. दगडांनी आणि किंकाळ्यांनी प्राणी बिथरतो. अशा वेळी ओरडू नका, काही फेकू नका, मागे सरा, आणि एकाने धावत जाऊन रखवालदाराला आणा, ही ओळ पत्रकात सापडत नाही. इथे पळायलाच हवे!

मोकाट माकडांचाही पत्रकाला विसर पडतो. खरे तर मुलांची गाठ वाघापेक्षा त्यांच्याशीच पडण्याचा संभव अधिक. माकडाच्या डोळ्यांत रोखून पाहणे म्हणजे त्याला धमकी. हातातली पिशवी म्हणजे आमंत्रण. चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे न्यावे. मूल भीतीपोटी हे लपवते, म्हणून ‘सांगितल्यास कोणी रागावणार नाही’ हेही लिहायला हवे.

पत्रकाच्या तळाशी पालकांच्या सहीसाठी जागा ठेवलेली असते. चुकामूक झाली तर मुलाने कुठे थांबायचे, हे लिहायला मात्र जागा नसते.