बारा हप्ते आणि न विचारलेला प्रश्न

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सांभाळून पदवीचा अभ्यास करणारी मुले-मुली आहेत. नोकरी करता करता शिकता यावे म्हणून 1989 साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही नाशिकचेच. या वयातला पहिला मोठा व्यवहार बहुधा हप्त्यांचा असतो: मोबाईल किंवा मोटारसायकल. त्याचे गणित आपण शाळेत शिकवलेले असते का?

2018 साली आलेल्या दहावीच्या गणित भाग 1 मध्ये, अंकगणिती श्रेढीच्या प्रकरणात एक उदाहरण आहे. कर्ज 8,000 रुपये, एकूण व्याज 1,360 रुपये, बारा मासिक हप्ते, प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा 40 रुपयांनी कमी. पहिला आणि शेवटचा हप्ता काढायचा. उत्तरे 1,000 आणि 560. श्रेढीचा सराव म्हणून उदाहरण नेटके आहे. मात्र कर्ज घेणाऱ्याने विचारायला हवा तो प्रश्न त्यात नाही: व्याजाचा दर किती?

विद्यार्थी 1,360 ला 8,000 ने भागून 17 टक्के म्हणतील. हे उत्तर चूक आहे. कर्जदाराकडे 8,000 रुपये वर्षभर राहतातच कुठे? दरमहा मुद्दल परत जात असते. दर महिना पावणेतीन टक्के धरून पाहा. पहिल्या महिन्याचे व्याज 220 रुपये. 1,000 च्या हप्त्यातून 780 रुपये मुद्दलात गेले, बाकी 7,220. दुसऱ्या महिन्यात व्याज सुमारे 199, हप्ता 960, बाकी सुमारे 6,459. असेच पुढे गेल्यास बाराव्या हप्त्याला बाकी जवळजवळ शून्य होते. म्हणजे वार्षिक दर सुमारे 33 टक्के, 17 च्या जवळपास दुप्पट! दुकानात सांगितल्या जाणाऱ्या 'फ्लॅट रेट'मागेही हीच गोम असते. व्याज पूर्ण रकमेवर आकारले जाते आणि रक्कम तर दरमहा घटत असते.

याच पुस्तकातले पुढचे प्रकरण 'अर्थनियोजन'. त्यात वस्तू व सेवा कर, शेअर्स, म्युच्युअल फंड आहेत. ही माहिती उपयोगी आहे. पण गुंतवायला पैसे हाती येण्याआधीच अनेकांच्या दारात हप्ता आलेला असतो. मग महाविद्यालयातल्या मुलांना 'आर्थिकदृष्ट्या निरक्षर' ठरवताना थोडा दोष आपल्या प्रश्नांकडेही जातो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जदाराला शुल्कांसह खरा वार्षिक दर दाखवणारे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. पण तो आकडा सांगितलेल्या दरापेक्षा मोठा का, हे न कळणाऱ्याला कागदाचा काय उपयोग?

यासाठी नवे प्रकरण नको, नवा तासही नको. त्या उदाहरणाखाली फळ्यावर एक ओळ वाढवावी: 'या कर्जाचा खरा वार्षिक दर काढा.' बारा ओळींचा तक्ता मुले स्वतः करतील. एकदा केला की दुकानातला कागद ती वेगळ्या नजरेने वाचतील.